स्वतःची कीव येणं आणि स्वतःची कीव करत बसणं

प्रश्न तीन पदरी आहे. ‘सेल्फ-पिटी’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत त्यासाठी कोणता शब्द वापरावा, आणि ‘तू स्वतःची कीव करतोस’ असं कुणाला म्हटलं तर त्यात दोष नेमका कशाचा दाखवायचा असतो? समुपदेशनाच्या कामात हे तिन्ही पदर एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून उत्तरही एकत्रच दिलेलं बरं.

आधी अर्थ. आपल्यावर आलेलं संकट, अपयश किंवा अन्याय पाहून स्वतःकडे ‘बिच्चारा’ म्हणून बघणं आणि त्या बघण्यातच रमणं, म्हणजे सेल्फ-पिटी. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग निसटला की शब्द चुकीच्या माणसाला चिकटतो. नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं, आजाराचं निदान झालं आणि माणूस रडला, तर ते दुःख. ‘माझ्याच वाट्याला का?’ असं त्याच्या मनात येऊन गेलं, तरी ते दुःखाचंच बोलणं. तो विचार मुक्कामाला आला, त्याच्याभोवती दिवसाची मांडणी होऊ लागली आणि तो सोडवण्यापेक्षा जपण्याकडे कल झाला, तर मात्र हा शब्द लागू पडतो.

हा फरक मराठी क्रियापदं फार चांगला दाखवतात. ‘स्वतःची कीव आली’ असं आपण म्हणतो तेव्हा राग यावा किंवा रडू यावं तशी ती आलेली असते. माणूस त्यात कर्ता नसतो. ‘स्वतःची कीव करतो’ म्हटलं की कर्ता आला. आणि ‘स्वतःची कीव करत बसतो’ म्हटलं की वेळ जातो आहे हे कळतंच, शिवाय त्या ‘बसतो’मध्ये बोलणाऱ्याची नापसंतीही उतरते. सेल्फ-पिटी म्हणजे हे तिसरं रूप. पहिल्यावर उपचार करायची गरज नसते, आणि तसा प्रयत्न केला तर सहसा नुकसानच होतं.

नामरूप हवं असेल तर ‘आत्मदया’ आणि ‘आत्मकीव’ हे दोन्ही शब्द लिखाणात चालतात. ललित किंवा वैचारिक लेखनात ‘आत्मदया’ बरी बसते: ‘त्याच्या पत्रांत आत्मदयेचा सूर आहे.’ बोलण्यात मात्र नामापेक्षा क्रियापदाचीच रचना सहज येते: ‘स्वतःची कीव करणं थांबव.’ ‘रडगाणं’ आणि ‘कुढणं’ हे जवळचे शब्द आहेत, पण पर्याय नाहीत. रडगाण्याला श्रोता लागतो, कुढणं आतल्या आत चालतं. आत्मदया दोन्ही रूपं घेऊ शकते. ‘आत्मकरुणा’ हा शब्द मात्र जपून वापरावा. काही जण तो सेल्फ-पिटीसाठी वापरतात, तर मानसशास्त्रावरच्या मराठी लेखनात तो ‘सेल्फ-कंपॅशन’साठी येतो, आणि या दोन गोष्टी जवळजवळ विरुद्ध आहेत. भाषांतर करत असाल तर सेल्फ-पिटीसाठी ‘आत्मदया’ किंवा ‘स्वतःची कीव’ आणि सेल्फ-कंपॅशनसाठी ‘आत्मकरुणा’ अशी वाटणी करून ती शेवटपर्यंत पाळावी.

‘कीव’ या शब्दात आणखी एक छटा आहे. ‘त्याच्या अकलेची कीव येते’ या वाक्यात दया नाही, तुच्छता आहे. कीव वरून खाली वाहते. त्यामुळे स्वतःची कीव करणारा माणूस नकळत स्वतःला खालच्या पायरीवर बसवतो. वरवर तो स्वतःची बाजू घेत असतो. आतून मात्र ‘हा काही करू शकणारा माणूस नव्हे’ असा निकाल त्याने देऊन ठेवलेला असतो.

अपराधीपणा आणि आत्मदया यांचीही नेहमी गल्लत होते. ‘मी वाईट केलं’ हा अपराधीपणाचा सूर, ‘माझं वाईट झालं’ हा आत्मदयेचा. संतापात बोट दुसऱ्याकडे असतं, अपराधीपणात स्वतःकडे, आत्मदयेत नशिबाकडे. एकाच माणसात दिवसभरात तिन्ही आळीपाळीने येऊ शकतात, म्हणून एका वाक्यावरून निदान करू नये.

या भावनेत एक विचित्र गोडवा असतो, आणि तो समजल्याशिवाय ती सुटत का नाही हे कळत नाही. दया कुणाची येते याचा विचार अॅरिस्टॉटलने केला, तेव्हा त्याने दोन गोष्टी नोंदवल्या. एक, समोरच्याचं दुःख त्याच्या लायकीबाहेरचं, म्हणजे नाहक वाटलं पाहिजे. दोन, तो माणूस अगदी जवळचा असून चालत नाही. फार जवळच्या माणसावर आलेला प्रसंग आपल्याला आपलाच वाटतो, आणि तिथे दयेची जागा भय घेतं. म्हणजे दयेला थोडं अंतर लागतं. मग स्वतःची दया यायची तर माणसाला स्वतःच्या बाहेर पडून प्रेक्षागृहात जाऊन बसावं लागतं. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, शोक आहे, तरी प्रेक्षक त्या रसाचा आस्वाद घेतो. आत्मदयेत नटही आपण आणि प्रेक्षकही आपण. शोकाची धार त्यामुळे बोथट होते आणि आस्वाद उरतो. ज्याचा आस्वाद घेता येतो ते मन सहजासहजी सोडत नाही.

आता या विचाराची बांधणी पाहू, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहेत. आत्मदयेच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत चार वाक्यं सापडतात, कधी उघड, कधी लपलेली. पहिलं: माझ्यावर वाईट प्रसंग आला. दुसरं: तो येताच कामा नये होता. तिसरं: असं माझ्याच बाबतीत होतं, इतरांचं बरं चाललं आहे. चौथं: म्हणून माझ्याच्याने आता काही होणार नाही, आणि माझ्याकडून कुणी अपेक्षाही ठेवू नये. पहिलं वाक्य बहुधा खरं असतं. गडबड दुसऱ्यापासून सुरू होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा भर याच जागेवर आहे: ‘हे झालं नसतं तर फार बरं झालं असतं’ ही इच्छा, तर ‘हे होताच कामा नये होतं’ ही जगाकडे केलेली मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होतं. मागणी धुडकावली गेली की माणूस अडून बसतो.

तिसऱ्या वाक्यातून एकटेपणा येतो आणि चौथ्यातून सुटका मिळते. ‘सुटका’ हा शब्द कठोर वाटेल, पण आत्मदया टिकते ती तिच्यातून काही मिळतं म्हणूनच. पुन्हा प्रयत्न करून पुन्हा हरण्याची भीती टळते. झालेल्या गोष्टीत आपला वाटा किती होता हे तपासावं लागत नाही. सुरुवातीला तरी लोक जवळ येतात, विचारपूस करतात. पुढे तेच लोक थकतात, येणं कमी करतात, आणि तिसऱ्या वाक्याला नवा पुरावा मिळतो. हे चक्र बाहेरून स्पष्ट दिसतं, आतून मुळीच नाही.

मानसशास्त्रज्ञ योआखिम श्टोबर यांनी २००३ साली आत्मदयेचा स्वभावगुणांशी काय संबंध आहे हे तपासलं. त्यात ती भावनिक अस्थिरतेशी, विशेषतः खिन्नतेकडे झुकणाऱ्या स्वभावाशी, जोडलेली दिसली. ‘माझ्या आयुष्याच्या चाव्या इतरांच्या हाती आहेत’ या समजुतीशीही तिचं नातं आढळलं. कामात सगळ्यांत उपयोगी पडतो तो त्यातला रागाबद्दलचा भाग. आत्मदयेचा संबंध बाहेर काढलेल्या रागापेक्षा आत दाबलेल्या आणि घोळवलेल्या रागाशी अधिक दिसला. म्हणून कुणी दीर्घकाळ स्वतःची कीव करत असेल तर ‘तुला वाईट कशाचं वाटतं?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं, आणि ‘तुला राग कुणाचा आला होता, आणि तो तू काढला का नाहीस?’ या प्रश्नाला बऱ्याचदा पहिल्यांदाच काहीतरी नवं ऐकू येतं.

दुःख उगाळल्याने ते हलकं होतं, हा समज मात्र सोडून द्यावा. सुसान नोलन-हूक्सिमा यांचं काम याच विषयावरचं आहे. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला, त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी योगायोगाने स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि उदास वाटल्यावर काय करता याची नोंद घेतलेली होती. ज्यांना भूकंपाआधीपासूनच उगाळत बसण्याची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी खिन्नतेची लक्षणं जास्त आढळली. आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही.

पण प्रत्येक विचार करणं म्हणजे उगाळणं नव्हे. ओळखायचं कसं? ‘का?’ हा प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता पुन्हा पुन्हा येतो आहे का, ते पाहावं. दुःख पचवण्याच्या विचारात ‘काय झालं’, ‘कसं झालं’, ‘आता काय’ हे प्रश्न येऊ लागतात. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना एखादा तरी नवा तपशील आला का? गोष्टीतल्या इतर माणसांनाही काही अडचणी असू शकतात हे दिसतं का? आणि साधारण २० मिनिटं विचार केल्यावर मन सैल होतं की आणखी जड? तेच तपशील, तेच ‘का’ आणि वाढलेला जडपणा, असं असेल तर ते उगाळणं.

उपाय कागदापासून सुरू केलेला बरा. काय घडलं ते पाच ओळींत पंचनाम्यासारखं लिहावं: कुणी, केव्हा, कुठे, काय केलं, काय म्हणाला. विशेषणं नाहीत, हेतूंचे अंदाज नाहीत. मग मनात चाललेलं बोलणं त्याखाली जसंच्या तसं लिहावं आणि ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘कुणीच’, ‘माझ्याच’ हे शब्द अधोरेखित करावेत. आत्मदयेचं वजन या पाच शब्दांवर असतं. ते खोडायची घाई नको. फक्त प्रत्येकासमोर एक उलट उदाहरण लिहिता येतं का ते पाहावं. एकही सापडलं नाही तर त्या ओळीत खरी तक्रार असण्याची शक्यता आहे, आणि मग तिच्याकडे तक्रार म्हणूनच बघावं.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि त्यामुळेच बाकीचं फसतं: काय गमावलं ते नेमकं सांगणं. ‘माझं आयुष्य फुकट गेलं’ यावर रडता येतं, पण त्याचा शोक पुरा होत नाही, कारण त्यात गमावलेली वस्तूच नाही. ‘बढती मिळाली असती तर कर्ज दोन वर्षांत फिटलं असतं, आणि वरिष्ठांसमोर ताठ उभं राहता आलं असतं’ यात दोन नुकसानं आहेत, एक पैशाचं आणि एक मानाचं. दोन्हींचं दुःख वेगळं, उपायही वेगळे. इतकं नेमकं लिहिल्यावर रडू आलं तर येऊ द्यावं. ते काम करणारं रडू असतं.

हे लिखाण रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस करावं. जेम्स पेनबेकर यांनी १९८०च्या दशकात भावनिक लेखनावर जे प्रयोग सुरू केले त्यांचं प्रमाण साधारण एवढंच होतं. त्यांच्या नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना फायदा अधिक झाला. चौथ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसाच्या पानासारखंच दिसत असेल तर लिखाण थांबवावं. वहीतही उगाळता येतंच. अशा वेळी एक छोटा बदल उपयोगी पडतो: ‘मी’ सोडून स्वतःच्या नावाने लिहावं, ‘अमुकला कशाचा त्रास झाला? ती उद्या काय करू शकते?’ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या प्रयोगांत स्वतःशी असं नावाने बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी भावना आवरणं सोपं गेलं. वर म्हटलेलं प्रेक्षागृहातलं अंतर इथे कामाला लावायचं असतं: प्रेक्षक म्हणून हळहळायचं नाही, सल्लागार म्हणून विचारायचं.

मग कृती. ती इतकी लहान हवी की मन ‘त्याने काय होणार आहे!’ असं म्हणेल. तरीही करायची. दहा मिनिटांत संपणारी, वेळ आणि जागा ठरलेली, आणि नशिबावर नव्हे तर स्वतःवर अवलंबून असलेली: एक अर्ज उघडून नाव-पत्ता भरणं, एक राहून गेलेला फोन करणं, अंथरूण आवरून घराबाहेर एक फेरी मारणं. खिन्नतेच्या उपचारात कृतीपासून सुरुवात करण्याची जी पद्धत आहे तिचं तत्त्व हेच: मनःस्थिती सुधारण्याची वाट पाहून काम करायचं नाही, काम आधी आणि मनःस्थिती मागून. ‘माझ्याच्याने आता काही होणार नाही’ हे चौथं वाक्य वादाने हटत नाही. ते खोटं ठरवणारी घटना घडवावी लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे उत्साहाच्या भरात मोठा संकल्प करणं. ‘उद्यापासून पहाटे पाचला उठणार’ हा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि आत्मदयेला नवा पुरावा पुरवतो.

जागेकडेही लक्ष द्यावं. तीच खुर्ची, तोच अंधार, तीच गाणी, मोबाइलवर तेच जुने फोटो, अशी आत्मदयेची एक ठरलेली बैठक असते. तिथून नुसतं उठून दुसऱ्या खोलीत जाण्यानेही साखळी तुटते, कायमची नाही, पण कागद उघडण्याइतकी.

आणखी कुठे बिघडतं? ‘इतरांचं दुःख बघ, तुझं काहीच नाही’ हा सल्ला सर्वांत लोकप्रिय आणि बहुतेक वेळा निरुपयोगी. तो ‘माझ्यावर वाईट प्रसंग आला’ हे पहिलं वाक्य नाकारतो, आणि ते तर बहुधा खरं असतं. परिणाम असा की दुःख तसंच राहतं आणि त्यावर ‘मला दुःख करायचाही हक्क नाही’ हा थर चढतो. स्वतःची कीव केल्याबद्दल स्वतःला झोडपणं हाही असाच दुसरा थर. बळेच आणलेला उत्साह संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

आत्मकरुणेचा सराव करतानाही लोक घसरून आत्मदयेत पडतात, आणि ते का होतं हे सांगता येतं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेचे तीन घटक मांडले: स्वतःशी मायेने वागणं, आपलं दुःख हा माणूसपणाचाच भाग आहे याची जाणीव, आणि भावनेत वाहून न जाता तिच्याकडे सजगपणे पाहणं. त्यांच्या मूळ प्रश्नावलीत २६ विधानं आहेत. लोक पहिला घटक तेवढा उचलतात, मधला गाळतात. ‘बिचारी मी, किती सोसलं!’ यात माया आहे, पण बाकी जग नाही. ‘हे अवघड आहे. अशा वेळी कुणालाही अवघड जातं. आत्ता मला कशाची गरज आहे?’ यात तिन्ही आहेत. आत्मदयेच्या तक्रारीतल्या तिसऱ्या वाक्यातल्या ‘माझ्याच’ला थेट छेद देतो तो मधला घटक, म्हणून तो गाळून चालत नाही.

मैत्रिणीशी किंवा मित्राशी बोलण्यालाही हेच लागू आहे. अमांडा रोज यांनी २००२ साली मुलामुलींच्या मैत्रीत एकत्र बसून दुःख उगाळण्याचा अभ्यास केला. त्यात मैत्री अधिक घट्ट दिसली आणि खिन्नताही अधिक. म्हणून बोलण्याआधीच सांगावं: ‘आज फक्त ऐकून घे’ किंवा ‘आज मला सुचव’. विषयाला अर्धा तास द्यावा आणि मग दुसरं काही बोलावं.

हा शब्द कुठे वापरूच नये, हे अर्थाइतकंच महत्त्वाचं आहे. दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन उदास असेल किंवा कशातच रस उरला नसेल, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर ती आत्मदया नाही; नैराश्याच्या आजाराची तपासणी करायला हवी. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत ० ते २७ गुण असतात आणि १० किंवा अधिक आले तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं योग्य. चाचणी म्हणजे निदान नव्हे, पण उशीर टाळायला ती पुरते. शोकाचंही तसंच. माणूस गेल्यावर महिनाभराने रडणाऱ्याला ‘कीव करणं पुरे’ म्हणणारा स्वतःची अस्वस्थता झाकत असतो. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही शोक लांबलेला मानायला किमान सहा महिने जावे लागतात. आणि जिथे छळ, भेदभाव किंवा फसवणूक अजून चालू आहे, तिथे हा शब्द तक्रार दाबायच्या कामी येतो. चालू असलेला अन्याय आधी थांबवायचा असतो.

समोरचा माणूस स्वतःची कीव करत बसला असेल तर काय बोलावं? शब्द उच्चारूच नये. तो निदान म्हणून बरोबर असला तरी ऐकणाऱ्याला शिवीसारखा लागतो. पहिल्या वाक्याला दुजोरा द्यावा: ‘हे झालं ते खरंच वाईट झालं.’ दुसऱ्या-तिसऱ्यावर वाद घालू नये. मग एकच प्रश्न: ‘यातलं काय बदलता येईल असं तुला वाटतं?’ उपाय सुचवताच ‘हो, पण…’ असं उत्तर येऊ लागलं, तर तो ओळखीचा खेळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी १९६०च्या दशकात त्याचं वर्णन केलेलं आहे. सुचवणारा दमतो आणि समोरच्याची असहायता सिद्ध होते. तीनदा ‘हो, पण’ ऐकलं की सुचवणं थांबवावं आणि म्हणावं, ‘मला आता काही सुचत नाही. तू काय करून पाहिलंस ते सांग.’ बोलण्यात ‘माझ्यावाचून सगळ्यांचं बरंच होईल’ असं काही आलं, तर मात्र हे सारं बाजूला ठेवून थेट विचारावं: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.